लग्नाचा फोटोवाला: कोटेशन कसं वाचायचं आणि पैसे कुठून धरायचे

या पेजवर आपण एरवी डिझेल परतावा, हवामानाचा इशारा, बर्फाचे दर असं लिहितो. आज विषय वेगळा आहे, पण तो सोसायटीच्या ऑफिसातच निघाला. आपल्या एका सभासदाचा मुलगा इंदूरला नोकरीला. तिथल्याच एका मराठी घरातली मुलगी त्याने पसंत केली. हळद आपल्या कोळीवाड्यात, लग्न इंदूरला, परत येऊन पूजा आणि जेवण इथे, असं ठरलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग व्याह्यांनी दोन फोटोग्राफरची कोटेशनं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि आपला नाखवा ती घेऊन थेट ऑफिसात आला. म्हणाला, "अरे, एक ६२ हजार सांगतो, एक ९५ हजार. फोटोच काढायचे ना दोघांना? मग ३३ हजाराचा फरक कसला?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही तीन संध्याकाळी ती दोन कोटेशनं समोर घेऊन बसलो. इंदूरच्या व्याह्यांशी बोललो, आपल्याकडच्या दोन-तीन फोटोवाल्या पोरांना विचारलं. जे कळलं ते इथे मांडतो, कारण तुळशीचं लग्न उरकलं की आपल्यातल्या बऱ्याच घरांत हाच कागद येणार आहे.

पहिली गोष्ट. पापलेटचा भाव कुणी विचारला तर आपण आधी काय विचारतो? साइज काय. माल ताजा की बर्फातला. किती किलो. फोटोग्राफरचा भाव विचारताना मात्र आपण सरळ म्हणतो, "लग्नाचे किती घेणार?" आणि तो आकडा सांगतो. त्या आकड्यात काय भरलंय हे ना आपण विचारतो, ना तो आपणहून सांगतो.

इंदूरचा फोटोग्राफर फोनवर म्हणाला, "भिया, ट्रेडिशनल अलग, कॅन्डिड अलग." या दोन शब्दांतच निम्मा हिशेब आहे. ट्रेडिशनल म्हणजे स्टेजवर उभं करून, समोर बघायला लावून काढलेले फोटो आणि सलग चालणारं व्हिडिओ शूटिंग. पाहुणे एकेक येतात, पाकीट देतात, फोटो निघतो. कॅन्डिड म्हणजे कुणाला न सांगता, दुरून, क्षण बघून काढलेले. आईचे डोळे भरून आले, मामाची पगडी घसरली, असले. त्याला वेगळा माणूस लागतो, वेगळी लेन्स लागते. मग सिनेमॅटिक व्हिडिओवाला तिसरा, ड्रोनवाला चौथा. प्रत्येक माणसाचा रोज वेगळा. म्हणून कोटेशन हातात आलं की आकड्याच्या आधी माणसं मोजा. बोट भाड्याने घेताना खलाशी किती येणार हे विचारतो, तसंच.

दुसरं म्हणजे साइड. फोटोवाले 'वन साइड' आणि 'बोथ साइड' म्हणतात. वन साइड म्हणजे फक्त मुलाकडचं किंवा फक्त मुलीकडचं. इकडे नवरदेव निघतोय आणि त्याच वेळी तिकडे नवरी तयार होतेय, तर एक टीम दोन्हीकडे असू शकत नाही. आपल्या केसमध्ये ६२ हजारवाल्याने वन साइड धरली होती, आणि ते एका ओळीत, बारीक अक्षरात होतं.

तिसरं वेळेचं. आपल्याकडे मुहूर्त दिवसाचा असला तर अक्षता पडल्या, जेवणं झाली, संध्याकाळी मंडप रिकामा. इंदूरकडे मराठी घरांतही आता बरंच तिकडचं मिसळलंय. संध्याकाळी बारात, मग मॅरेज गार्डनच्या स्टेजवर वरमाला, मग रिसेप्शन, आणि कधी कधी फेरे मध्यरात्रीनंतर. व्याही म्हणाले, "आमच्याकडे विदाईपर्यंत उजाडतं हो." आणि कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं 'एक दिवस'. हा दिवस किती तासांचा? बहुतेक वेळा ८ किंवा १० तासांचा. पुढे तासाला ज्यादा. सूर्य उगवला-मावळला असा दिवस फोटोवाल्याच्या हिशेबात नसतो.

चौथं अल्बमचं. ४० शीट म्हणजे ४० फोटो नव्हेत. एक शीट उघडली की समोरासमोरची दोन पानं, आणि एका शीटवर पाच-सहा फोटोही बसतात. 'अल्बम इन्क्लूडेड' एवढंच लिहिलं असेल तर शीट किती, साइज किती, कागद कसला आणि ज्यादा शीटचा दर काय, हे विचारा. खरी गोची इथेच होते. लग्न झाल्यावर फोटो निवडायला बसतो तेव्हा कुणालाच काढवत नाही. आत्याचा ठेवला तर मावशीचा ठेवावाच लागतो. २५ शीटचं काम ४० वर जातं आणि बिल फुगतं.

आता ही दोन कोटेशनं एका तागडीत घालून बघू. आकडे गोल केलेत, हिशेब समजावा म्हणून. हा बाजारभाव समजू नका. ९५ हजारवाल्याकडे दोन दिवस, दोन फोटोग्राफर त्यातला एक कॅन्डिड, दोन व्हिडिओवाले, ४० शीटचा अल्बम, वेळेचं बंधन नाही, जीएसटी धरून. ६२ हजारवाल्याकडे दोन दिवस, पण एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, रोज ८ तास, २५ शीट, जीएसटी वेगळा. दुसऱ्याकडून पहिल्याइतकंच काम घ्यायचं ठरवलं तर कॅन्डिडवाला दोन दिवस, रोज १० हजारांप्रमाणे २० हजार. ज्यादा ७ तास, तासाला १,५०० प्रमाणे १०,५००. ज्यादा १५ शीट, ४५० प्रमाणे ६,७५०. झाले ९९,२५०. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,८६५. एकूण १,१७,११५ रुपये. दुसरा व्हिडिओवाला यात अजून धरलाच नाही. म्हणजे स्वस्त वाटणारा महाग निघाला.

पण थांबा, याचा अर्थ ९५ हजारवाल्याला होकार द्या असाही नाही. ६२ हजारवाला लबाड होता असंही आम्ही म्हणत नाही. त्याने कमी काम लिहिलं आणि कमी पैसे लिहिले. आपल्याला तेवढंच काम हवं असेल तर तोच बरा. भाव कमी की जास्त हे नंतर. आधी आपल्याला काय हवंय ते घरात बसून ठरवायचं.

जीएसटीबद्दल एक सांगून ठेवतो. फोटोग्राफीच्या कामावर १८ टक्के लागतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी करावीच लागते असं नाही, आणि नोंदणी नसेल तर तो तुमच्याकडून जीएसटी मागू शकत नाही. तेव्हा 'प्लस जीएसटी' म्हटलं की नंबर असलेलं बिल मागा. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कुणी म्हणालं तर मोह होतो, कबूल आहे. पण उद्या भांडण झालं तर हातात कागद काय राहील?

भाव वाढतो कशाने, तर तारखेने. दाट मुहूर्ताच्या दिवशी शहरातल्या सगळ्या चांगल्या टीम बुक असतात, आणि रविवार आला तर विचारायलाच नको. आपल्या घरांची यात वेगळी अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे माणसं घरी असतात. पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, त्यामुळे बंदीतले मुहूर्ताचे दिवस फार थोडे. म्हणून आपण सगळेच मे महिन्यात गर्दी करतो, आणि बाकीचा महाराष्ट्र आणि इंदूरही तेच करत असतं. आठवड्याच्या मधला दिवस किंवा भटजींनी दिलेला काढीव मुहूर्त चालत असेल, तर तोच फोटोग्राफर बोलायला मऊ होतो. तारीख ठरायच्या आधी त्याला दोन-तीन तारखा विचारून बघा. आपल्यात हे कुणी करत नाही, आधी पत्रिका छापून मोकळे होतात.

आता पैशांचं, आणि इथे जरा कडू बोलतो. मे महिन्यात लग्न केलं की लगेच बोट वर घ्यायची असते. रंग, लाकूडकाम, इंजिनचं काम, जाळी. ऑगस्टला समुद्रात जाताना डिझेल, बर्फ, रेशन आणि खलाशांची उचल. हा खर्च कुणाला चुकत नाही. लग्नात हात सैल सुटला की हाच पैसा जातो. मग व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते आणि हंगामभर माल त्याच्याच भावाने त्याला घालावा लागतो. एका अल्बमपायी कुणी बुडत नाही. पण मंडप, जेवण, डीजे, फोटो असं थोडं थोडं करत नारळी पौर्णिमेला बोट किनाऱ्यावर राहिलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून आमचं म्हणणं असं: आधी बोटीच्या ऑगस्टच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. उरलं त्यातून लग्न, आणि त्यातून फोटोचा आकडा काढा. आणि कृपा करून डिझेल परताव्याची थकलेली रक्कम 'येईलच' म्हणून बजेटात धरू नका. तो कधी येतो हे आपल्यापेक्षा कोण जास्त जाणतं!

आपल्या नाखव्याने आकडा ठरवला ७५ हजार. मग आम्ही उलट्या बाजूने बसलो. हळद इथे आहे. हळदीसाठी इंदूरची टीम बोलवायची तर तिचा अवंतिका एक्स्प्रेसचा जाता-येताचा प्रवास, इथे राहणं, खाणं, आणि प्रवासात गेलेल्या दिवसांचा रोजही आपल्यावर. इथली टीम तिकडे न्यायची तरी तेच. म्हणून हळद आपल्या कोळीवाड्यातल्या पोराकडे दिली, १५ हजारांत. त्याला मानपान कुणाचा, धवलारीण कुठे बसते, कुठल्या आजीला पुढे घ्यायचं हे सांगावं लागत नाही. इंदूरच्या टीमला फक्त लग्नाचा एक दिवस, विदाईपर्यंत, बोथ साइड, एक कॅन्डिड, ड्रोन नाही, अल्बम नाही. जीएसटी धरून ४५ हजार, त्यातला निम्मा वाटा व्याह्यांनी आपणहून उचलतो म्हटलं, पण आपण हिशेबात पूर्णच धरला. अल्बम दोन्हीकडचे फोटो एकत्र करून नंतर, ३० शीटचा, १२ हजार. झाले ७२ हजार. तीन हजार हातात राहिले. अल्बम नंतर केला तर फोटो शांतपणे निवडता येतात आणि तो पैसा पुढच्या महिन्यावर ढकलता येतो, हा त्यातला फायदा.

प्री-वेडिंग शूट मात्र घरात भांडण लावून गेलं. इंदूरकडे जोडपी मांडूला नाहीतर महेश्वरला जातात, दोन्ही शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेर. मांडूच्या इमारती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिथे ट्रायपॉड लावून धंद्याचं शूटिंग करायला परवानगी लागते. फोटोवाला "हो जाएगा" म्हणतो, पण गेटवर अडवलं तर दिवस वाया आणि गाडीभाडं तुमचं. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर नर्मदेत होडी भाड्याने घेऊन फोटो काढतात. आपला नवरदेव हेच मागत होता! त्याची आई म्हणाली, "घरची बोट सोडून भाड्याच्या होडीत कशाला बसतोस?" शेवटी बोट सजवून, बंदरातच, उधाण नसताना, लाइफ जॅकेट जवळ ठेवून फोटो काढले. बोटीवर आजोबांचं नाव आहे, ते फोटोत मागे दिसतं. नवरीकडच्यांना तेच फोटो जास्त आवडले.

ड्रोनबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आणि विमानतळ, नौदल, बंदरं अशा ठिकाणांजवळ रेड किंवा यलो झोन असतो, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपले बरेच कोळीवाडे अशाच जागांच्या शेजारी आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर गावाची जागा बघून घ्या. ड्रोनचे पैसे आधी देऊन वर पोलीस स्टेशन नको.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला ते. मागच्या वर्षी आपल्याच एका घरात लग्न झालं. ६०० च्या वर फोटो, जाड अल्बम, पाच मिनिटांची फिल्म. श्रावणात त्या घरची आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर अख्ख्या अल्बममध्ये आजी कुठेच धड नाही. एका फोटोत पाहुण्याच्या खांद्यामागे तिचा अर्धा चेहरा आहे. तिनेच हळदीला पहिलं बोट लावलं होतं. आणि धवलारीण दोन तास धवले गात होती, त्या व्हिडिओवर एडिटिंगमध्ये सिनेमाचं गाणं चढवलं. मूळ आवाज मागितला तर कळलं, कच्चा डेटा दोन महिन्यांनी पुसून टाकला. फोटोवाल्याने मुद्दाम केलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा दोन कागद करा. एक यादी माणसांची: आजी-आजोबा, आजारी काका, दुबईहून आलेला भाऊ, ज्या तांडेलाने पोराला बोट शिकवली तो. प्रत्येकापुढे कुणासोबत फोटो हवा ते लिहा, आणि घरातला एक जाणता भाचा किंवा पुतणी दिवसभर फोटोवाल्याबरोबर ठेवा, जो हात धरून माणूस समोर आणेल. यासाठी एक रुपया लागत नाही. आणि धवल्याचा आवाज वेगळा, अख्खा, गाणं न चढवता हवा, हे आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे धवला म्हणणाऱ्या बायका आता किती उरल्यात ते मोजून बघा.

दुसरा कागद कराराचा. साधा, एका पानाचा चालेल. तारीख, जागा, किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ज्यादा तासाचा दर. फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत. कच्चा डेटा द्यायचा की नाही, आणि तो किती महिने सांभाळणार. फोटोवाला आजारी पडला तर कोण येणार. लग्न पुढे ढकललं तर आगाऊ रकमेचं काय. पैसे तीन टप्प्यांत: थोडे बुकिंगला, थोडे लग्नाच्या दिवशी, आणि चांगला मोठा हिस्सा अल्बम व डेटा हातात पडल्यावर. सगळे आधी दिले की अल्बम दिवाळीनंतर, मग शिमग्यानंतर.

"फोटो आमचे, आम्ही पेजवर टाकणार" असं कुणी म्हणालं तर कायदा माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणाराच. म्हणून करारात उलट काही लिहिलेलं नाही ना, ते सहीआधी वाचा. घरच्या मुलींचे फोटो जाहिरातीत नको असतील तर ते लिहूनच घ्या.

आणि फसवणूक झालीच तर घाबरून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. फोटोवाला इंदूरचा असला तरी इंदूरच्या फेऱ्या मारायला नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच अल्बम येतो.

इंदूरचाच विषय आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, व्याह्यांनीच ती सांगितली आणि आम्ही पडताळून पाहिली. आपल्या देशातले नावाजलेले जुने फोटोग्राफर राजा दीनदयाळ हे मुळात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते, १८६६ पासून. नकाशे काढता काढता १८७४ च्या सुमारास कॅमेरा हातात धरला. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह अडीच हजारांहून जास्त आज दिल्लीच्या इंदिरा गांधी कला केंद्रात आहेत. शंभर वर्षं उलटली तरी काच टिकली. आणि आपला पेनड्राइव्ह? खाऱ्या हवेत, कपाटात, पाचव्या वर्षी उघडत नाही. म्हणून डेटा मिळाला की त्याच आठवड्यात दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, एक दुसऱ्या घरी ठेवा, आणि निवडक शंभर फोटो साध्या कागदावर छापून घ्या. फोटोग्राफरलाही विचारा, त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवतो का. उतरवत असेल तर एक कार्ड बिघडलं तरी लग्न वाचतं. हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस कामाचा आहे की नुसता बोलका, हेही लगेच कळतं.

कराराचा एक पानी मराठी नमुना आणि माणसांच्या यादीचा कोरा तक्ता सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर येऊन घेऊन जा. कोटेशन आलं असेल तर तेही घेऊन या, एकत्र बसून वाचू. सहीच्या आधी या, सही करून नव्हे.